जहाजावरचे ताट

जहाजावरील भोजनाचा पुरेपूर आस्वाद कसा घ्यावा, हे सहलीच्या जाहिराती सांगतातच. आम्ही कामगार चळवळीतले. आमची नजर आधी जहाजावर राबणाऱ्याच्या ताटाकडे जाते.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत आरमाराच्या ‘तलवार’ या तळावरील खलाशांनी निकृष्ट जेवण नाकारले. ‘अन्न नाही, तर काम नाही’ असे त्यांनी बजावले. अन्नाच्या जोडीला गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या होत्या, पगारातला भेदही होता. बंड ७८ जहाजांवर पसरले. सुमारे २०,००० खलाशी त्यात उतरले. त्यांची रसद तुटली, तेव्हा मुंबईकर खाद्यपदार्थांच्या टोपल्या घेऊन गेटवे ऑफ इंडियाकडे धावले. २२ तारखेला गिरण्या बंद पडल्या. गोळीबारात दोनशेंहून अधिक माणसे गेली. २३ तारखेला खलाशांनी शरणागती पत्करली. पण त्यांनी राज्याचा पायाच हलवला होता.

दुष्काळ सोसलेल्या म्हसवडकरांना अन्नाचे मोल आम्ही काय सांगावे? आजही सहलीच्या जहाजांवर गोव्या-कोकणातली मुले राबतात. पंगत उठताना वाढपी जेवला का, हे विचारण्याची आपली रीत आहे. जहाजावर गेलात, तर तिथेही ती पाळा. घास गोड लागेल.