नाद, श्वास आणि हृदय

भजनात मन रमले की चित्तास शांती लाभते, हा भाविकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. त्या शांतीचा देहव्यापाराशी काय संबंध आहे, याचा शोध मात्र वैद्यकशास्त्राने फार सावकाश घेतला.

अलेक्झांड्रिया येथील ग्रीक वैद्य हेरोफिलस याने इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास नाडीच्या ठोक्यांची तुलना संगीतातील लयीशी केली. आपल्याकडे शार्ङ्गधरसंहितेने नाडीची चाल सर्प, बेडूक, हंस यांच्या गतीवरून ओळखण्यास सांगितले. १७४७ मध्ये फ्रान्समधील नान्सीचे वैद्य मार्के यांनी तर नाडी स्वरलिपीत मांडून दाखविली. नाडीस लय आहे, हे सर्वांस दिसत होते. ती लय कोण राखतो, हे कोणास ठाऊक नव्हते.

१८४५ मध्ये वेबर बंधूंनी ‘व्हेगस’ नामक मज्जातंतू उत्तेजित केला असता हृदयाची गती मंदावते, असे सिद्ध केले. १८८० मध्ये रशियातील डोगेल यांनी संगीताचा रुधिराभिसरणावर होणारा परिणाम प्रयोगाने मोजला. १८९८ मध्ये लँगली यांनी इच्छेच्या अधीन नसलेल्या मज्जासंस्थेस ‘स्वायत्त’ हे नाव दिले. तिची अनुकंपी शाखा हृदयास वेग देते. परानुकंपी शाखा, जिचा प्रमुख तंतू व्हेगस होय, त्यास आवर घालते.

या स्वायत्त व्यवस्थेत मनुष्यास मोकळे असलेले एक द्वार म्हणजे श्वास. २००१ मध्ये इटलीतील बर्नार्डी व त्यांचे सहकारी यांनी २३ निरोगी व्यक्तींकडून लॅटिन जपमाळेची प्रार्थना व एक मंत्र म्हणवून घेतला. दोहोंतही श्वास मिनिटास सुमारे सहावर आला. रक्तदाबातही सुमारे दहा सेकंदांची एक नैसर्गिक लहर असते. श्वास तिच्याशी जुळताच रक्तदाब सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तत्पर झाली. गोमंतकात ज्या वाड्यांवर एका घरी सांजवेळी नामजप चालतो व शेजारच्या घरी रोजार म्हटला जातो, तेथे या निष्कर्षाचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको.

त्याच संशोधकांनी २००६ मध्ये २४ व्यक्तींना विविध संगीत ऐकविले. द्रुत लयीने श्वास, नाडी व रक्तदाब वाढले. परंतु मध्येच दोन मिनिटांची निःशब्दता ठेविली असता नाडी व रक्तदाब आरंभीच्या विश्रांतीहूनही खाली उतरले. २०१३ मध्ये स्वीडनमध्ये समूहगायकांच्या हृदयगतीचे चढउतार एकमेकांशी जुळत असल्याचे आढळले; कारण सर्वांचा श्वास एकाच चरणावर थांबत होता.

यावरून भजन हे औषधाचे स्थान घेईल, असे समजणे योग्य नव्हे. हृद्रोग्याने वैद्याचा उपचार सोडू नये. तसेच नाडी मोजून भक्ती मोजता येत नाही. शास्त्राने सांगितले ते इतकेच की दीर्घ चरण, सावकाश श्वास, सामुदायिक स्वर आणि अखेरची स्तब्धता यांची हृदय दखल घेते. म्हणून टाळ-मृदंग थांबल्यावर लगेच उठण्याची घाई करू नये. तो निःशब्द क्षणही भजनाचाच भाग होय.