हिरवळीची उंची कोणी ठरवायची?

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तह आणि लढाया उभ्या राहतात. गवत कापण्यालाही इतिहास आहे असे म्हटले, तर वाचक कदाचित हसतील. पण क्षुल्लक वाटणाऱ्या कामांचा इतिहास धुंडाळण्याची मला खोड आहे. आणि मालक व कामकरी यांचे खरे नाते तहनाम्यांपेक्षा अशा कामांतच स्वच्छ दिसते, असे माझे मत होऊन बसले आहे. हिरवळीपुरते बोलायचे, तर सारा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो. गवताची उंची कोणी ठरवायची? ज्याची हिरवळ त्याने, की ज्याच्या हाती पाते त्याने?

अठराव्या शतकात लॅन्सेलॉट ब्राउन (१७१६-१७८३) या उद्यानकाराने इंग्लंडमधील अनेक जमीनदारांच्या वाड्यांभोवतीची आखीव बाग काढून टाकली आणि गवत थेट भिंतीला आणून भिडवले. दूरचे गवत मेंढ्या खात. वाड्याजवळचे मात्र माणसे लांब दांड्याच्या विळ्याने कापीत. कोरडे गवत पात्यापुढे वाकते, दवाने जड झालेले नीट कापले जाते. म्हणून हे काम भल्या पहाटे चाले. मागून बायका कापलेले गवत गोळा करीत. अशा कापणीत उंची कापणाऱ्याच्या मनगटात असे. मालकाने कुरकुर करावी, फार तर माणूस बदलावा. पण ‘अर्धा इंच खाली घे’ असा हुकूम सोडण्याची सोय त्याला नव्हती.

ही सोय निघाली ती बागेतून नव्हे, कापडाच्या गिरणीतून! ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउड हा लोकरी कापडाचा मुलूख. तेथे कापडावर उठलेली लव कापून पोत साफ करणारी यंत्रे होती. एडविन बडिंग नावाच्या कारागिराच्या मनात आले, की गिरणीत लव कापते तर अंगणात गवत का कापू नये? १८३० साली त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. भांडवल जॉन फेराबी या कारखानदाराचे होते. १९ इंच रुंदीचे ते लोखंडी धूड मागून ढकलावे लागे, आणि मदतीला पुढून ओढणारा गडीही घेता येई. १८३१ साली लंडनच्या रीजेंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयाच्या बागेत यंत्र आले, तेव्हा ते सहाआठ माणसांचे काम करते असा तेथल्या बागप्रमुखाने निर्वाळा दिला. दवाची वाट पाहणे संपले. बडिंगने तर पेटंटातच सुचवले होते, की गावाकडच्या सभ्य गृहस्थांनी हे यंत्र स्वतः चालवल्यास त्यांना करमणूक आणि व्यायाम दोन्ही घडतील!

परंतु मला महत्त्वाची वाटते ती या यंत्रातील एक लहानशी सोय. त्यातला एक रूळ वरखाली करता येई, आणि त्यावरून गवताची उंची ठरे. मनगटातले कसब रुळात उतरले. आणि मनगट एकाचे असले तरी रूळ कोणालाही हलवता येतो. गिऱ्हाइकाची आवड नावाची वस्तू या धंद्यात शिरली ती येथून, असे मला वाटते.

पुढची प्रगती भराभर झाली. १८४२ साली स्कॉटलंडमध्ये शँक्सने तट्टू जुंपण्याजोगे यंत्र केले. टापांचे ठसे उमटू नयेत म्हणून जनावरांच्या पायांत चामड्याचे बूट चढवीत. खडखडाट नको म्हणणाऱ्यांसाठी लीड्सच्या टॉमस ग्रीनने १८५९ साली साखळीवर चालणारे यंत्र काढले आणि त्याला ‘मूक कापणारा’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. १९०२ साली रॅन्सम्सचे पेट्रोलचे यंत्र आले. मागच्या रुळाने गवत आलटून पालटून उलटसुलट वाकते, त्यामुळे फिकट आणि गडद पट्टे दिसतात. लोकांना ते इतके भावले की पट्टे म्हणजेच चांगली कापणी असे समीकरण झाले. गवताला त्या पट्ट्यांचा काडीचाही उपयोग नाही.

गवताचे स्वतःचेही काही म्हणणे असते. त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून जनावरांनी चरूनही ते मरत नाही. परंतु मुळांचे अन्न पात्यांत तयार होते. पाते फार छाटले की मुळे आखूड राहतात, उघड्या मातीवर ऊन पडते आणि तण माजते. म्हणून एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापू नये, असा नियम आहे. तीन इंच ठेवायचे असेल तर साडेचार इंच होताच कापावे. गिऱ्हाइकाचा हिशेब नेमका उलटा असतो. बारीक कापले की पुन्हा लवकर बोलवावे लागणार नाही, हा त्याचा विचार. पावसाने भिजलेल्या गवतात पाते फाडाफाड करते, चाकांचे चर पडतात, तरी ठरल्या वारीच माणूस यावा ही त्याची अपेक्षा. कापलेले बारीक तुकडे तेथेच कुजले तर खत होते. त्याला तो कचरा दिसतो.

अमेरिकेत तर उंचीचा प्रश्न करारात गेला. १९४७ साली न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाऊन वसू लागले, तेव्हा भाडेकरूच्या करारात १५ एप्रिल ते १५ नोव्हेंबर आठवड्यातून एकदा तरी गवत कापण्याची अट होती. न कापल्यास कंपनीने कापून घ्यावे आणि बिल भाडेकरूला लावावे! गोऱ्यांखेरीज इतरांना घर वापरू देऊ नये, हे कलमही त्याच करारात होते. तिकडे कॅलिफोर्नियात १९१३ च्या कायद्याने जपान्यांना शेतजमीन घेण्याची बंदी झाली होती. त्यांच्यातील अनेकांनी दुसऱ्यांच्या हिरवळी राखण्याचा धंदा धरला. १९४२ साली सरकारने त्यांना छावण्यांत कोंडले. सुटून आल्यावर कित्येकांनी पुन्हा यंत्र हाती घेतले, आणि १९५५ साली दक्षिण कॅलिफोर्नियातील माळ्यांनी आपला महासंघ उभारला. ज्याला स्वतःची जमीन नाकारली, त्यानेच दुसऱ्याच्या अंगणाची शोभा राखायची, हा या इतिहासातला कडू घास आहे.

मग जाणत्या माळ्याने करावे काय? भांडण तर नव्हेच. पण निमूट मान डोलावणेही नव्हे. पहिल्याच दिवशी उंची बोलून घ्यावी. शंका असेल तर एक पट्टा गिऱ्हाइकाच्या पसंतीने आणि एक आपल्या पसंतीने कापून दोन आठवडे तसाच राहू द्यावा. बारीक हवेच असेल तर दोनतीन कापण्यांत हळूहळू खाली यावे. उन्हाळ्यात उंची वाढवावी, आणि ओल्या दिवशी परत फिरताना कारण सांगून जावे.

सर्वत्र लागू पडेल अशी एकच उंची नाही, हे आपल्याला हरळी शिकवते. हीच आपली दूर्वा. अमेरिकेच्या दक्षिण भागात तिलाच बर्म्युडा गवत म्हणतात. ती जमिनीसरशी पसरते, म्हणून बारीक कापणी सोसते. थंड मुलखातले उभे वाढणारे गवत तितकी सोसणार नाही. मालकाची आवड ऐकावी, ती त्याची हिरवळ आहे. पण शेवटचा शब्द ज्याला मुळे आहेत त्याचा. माळी हा त्या दोघांमधला दुभाष्या, आणि चांगल्या दुभाष्याने कोणाही एकाचा शब्द गिळू नये.