दुहाती करवतीपासून परसातील यंत्रापर्यंत

पावसाळा सरून कार्तिक उजाडला की गोव्याच्या आणि कोकणपट्टीच्या गावांतून हल्ली एक कर्कश आवाज ऐकू येऊ लागतो. वादळात मोडलेली आंब्याची फांदी, वाळवीने पोखरलेला फणस, कौलांवर कललेला माड ही सारी पूर्वी कुऱ्हाडीची आणि करवतीची कामे होती. आता ती साखळी-करवतीकडे, म्हणजे बाजारात ज्याला चेन-सॉ म्हणतात त्या यंत्राकडे आली आहेत. एके काळी हे यंत्र वनखात्यापाशी आणि लाकडाच्या ठेकेदारांपाशीच दिसे. आज काही हजार रुपयांत ते विकत मिळते आणि साध्या गृहस्थाच्या पडवीत कोयता-कुदळीच्या शेजारी जाऊन बसते. असे स्वस्त यंत्र घरी घ्यावे की न घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर दुकानदारापेक्षा त्या यंत्राचा इतिहासच अधिक प्रामाणिकपणे देईल, असे आम्हांस वाटते. म्हणून तो येथे थोडक्यात मांडीत आहोत.

झाड तोडणे ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी हलकी मानलेली नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त देवमूर्तीसाठी लाकूड आणावयाचे असता वनप्रवेश कसा करावा, याला स्वतंत्र अध्याय दिला आहे. निवडलेल्या वृक्षाची रात्री पूजा करावी, त्यावर वास करणाऱ्या भूतमात्रांनी अन्यत्र जावे अशी प्रार्थना करावी, आणि सकाळी मध व तूप माखलेल्या कुऱ्हाडीने पहिला घाव घालावा, असा विधी त्यात सांगितला आहे. प्रत्यक्ष देवकार्य असले तरी वृक्षाची अनुमती मागावयाची, हा त्यातील भाव. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूस ठेवला तरी या विधीचा एक व्यावहारिक परिणाम उघड दिसतो. निश्चय आणि घाव यांच्यामध्ये एक रात्र जात असे.

करवतीनेही आपल्या परीने असाच अवधी राखला होता. जाड खोड आडवे कापावयाचे तर करवतीच्या दोन टोकांना दोन माणसे लागत. एकाने ओढावयाची, दुसऱ्याने सैल सोडावयाची. दोघांचा दम आणि ताल जुळल्याखेरीज पाते लाकडात पुढे सरकत नसे. दोन माणसे बोलवावयाची म्हणजे दिवस ठरवणे आले, मजुरी ठरवणे आले, आणि ‘झाड खरेच काढावयाचे काय?’ हा प्रश्न दोन वेळा विचारला जाणेही आले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रचंड वृक्ष तोडणारे लाकूडतोडेही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशाच दुहाती करवती ओढीत होते. साधनाचा संथपणा ही सर्वत्र एक अलिखित मर्यादा होती.

दातेरी साखळीने कापण्याची कल्पना मात्र लाकूडतोड्यांची नव्हे, ती शल्यवैद्यांची. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटलंडच्या वैद्यांनी हाड कापण्यासाठी हातांनी ओढावयाची बारीक दातेरी साखळी वापरात आणली. लाकडासाठी अखंड फिरणाऱ्या साखळीचे एक पेटंट सान फ्रान्सिस्को येथील सॅम्युएल बेन्स यांस १९०५ मध्ये मिळाले. परंतु जंगलात प्रत्यक्ष चालेल असे यंत्र जर्मनीत घडले. आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळी-करवत तयार केली. १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी आपले पेट्रोलवरील यंत्र थुरिंजियातील डोल्मार नावाच्या डोंगरावर चालवून पाहिले, आणि त्या डोंगराचेच नाव पुढे त्यांच्या यंत्रांना मिळाले. श्टील यांनी १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारे वृक्षतोडीचे यंत्र काढले, त्याची शक्ती सहा अश्वशक्ती आणि वजन ४६ किलो होते. म्हणजे इंजिन आले, वेग आला, तरी दोन माणसे सुटली नाहीत. एकाने इंजिनाकडील बाजू धरावयाची आणि दुसऱ्याने पात्याचे टोक.

पुढील मोठी सुधारणा एका किड्याकडे पाहून झाली. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जो कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या १९४६ मध्ये लाकडे फोडीत असता एका बुंध्यात भुंग्याची अळी लाकूड पोखरताना त्याला दिसली. नारळीच्या शेंड्यात शिरून कोंब खाणारा गेंड्या भुंगा आपल्या बागायतदारांच्या परिचयाचा आहे. लाकडाला आडवे आणि उभे दोन्ही दिशांनी सहज कुरतडणारी ही अळीही भुंग्याच्याच एका जातीची. तिचे इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले जबडे आळीपाळीने डावीउजवीकडे चालत. कॉक्सने तोच आकार पोलादात उतरवून साखळीचे दात घडवले आणि १९४७ मध्ये पोर्टलँड येथे त्यांचा कारखाना काढला. त्यापूर्वीच्या साखळ्यांचे दात लाकूड खरवडीत, आणि त्यांना धार लावणे हे कसबी माणसाचे काम होते. कॉक्सची साखळी लाकडाचे कपचे काढी, आणि गोल कानस घेऊन कोणासही थोड्या सरावाने तिला धार लावता येई. आजच्या बहुतेक साखळ्या याच वंशातील आहेत. घरगुती वापराचा मार्ग येथे प्रथम मोकळा झाला.

यानंतरचा इतिहास म्हणजे वजन उतरत गेल्याचा इतिहास होय. १९४९ मध्ये अमेरिकेतील मॅक्कलक कंपनीने सुमारे ११ किलोची, एका माणसाने चालवावयाची करवत विक्रीस आणली. १९५० मध्ये श्टीलचे एकहाती यंत्र आले, ते सुमारे १६ किलोचे होते. १९५९ च्या त्यांच्या ‘कॉन्ट्रा’ या यंत्रात कार्ब्युरेटर अशा धर्तीचा होता की यंत्र आडवे, तिरपे, कसेही धरले तरी इंजिन बंद पडू नये. १९६३ मध्ये होमलाइट कंपनीने पाते व साखळी वगळता सहा किलोंच्याही आत बसणारी करवत काढली. ३४ वर्षांत ४६ किलोंचे ओझे इतके उतरले. दुसऱ्या टोकाचा माणूस निघून गेला, आणि त्याच्याबरोबर त्याची नजर, त्याचा सल्ला आणि संकटकाळी धावून येणारे त्याचे हातही गेले.

१९७३ मध्ये तेलाची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेतील असंख्य कुटुंबे घर उबदार ठेवण्यासाठी पुन्हा लाकडी शेगडीकडे वळली. जी करवत व्यावसायिकाचे हत्यार होती, ती आता हलक्या बांधणीची आणि कमी किमतीची होऊन मोठ्या दुकानांत गृहस्थांसाठी मांडली जाऊ लागली. स्वस्त घरगुती करवतीचा खरा जन्म हा. आणि येथेच तिच्यातला दोष सर्वांसमोर आला. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडात अडकला की साखळी क्षणभर थबकते आणि तिचा सारा जोर उलटून यंत्र चालवणाऱ्याच्या तोंडाकडे व खांद्याकडे उसळते. पूर्ण वेगात ही साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर धावते. हात मागे घेण्यास माणसाला अवसरच मिळत नाही. जंगलात वर्षानुवर्षे काम केलेला माणूस टोक कोठे टेकवू नये हे जाणतो. सुटीच्या दिवशी परसात उतरलेल्या गृहस्थाला ते ठाऊक नसते.

उपायही त्याच काळात निघाले. पुढील दांड्यासमोरची ढाल मनगटाने पुढे ढकलली गेली की साखळी निमिषात थांबावी, असा ब्रेक १९७० च्या दशकाच्या आरंभी युरोपीय यंत्रांवर बसू लागला. श्टीलने तो १९७२ मध्ये आणला. हादऱ्यांनी बोटांतील रक्तप्रवाह मंदावून ती पांढरी पडतात, हा व्यावसायिकांचा रोग ओळखून दांडे रबरी आधारांवर बसवण्यात आले. कमी उसळणाऱ्या साखळ्या निघाल्या. अमेरिकेत १९८५ मध्ये या उसळीस आळा घालणारे सुरक्षेचे मानकही ठरले. यांतील प्रत्येक सुधारणेमागे कोणाची तरी जखम आहे, हे विसरता कामा नये.

त्या जुन्या कंपन्यांचे पुढे काय झाले, तेही उद्बोधक आहे. होमलाइट १९९४ मध्ये एका ट्रॅक्टर कंपनीकडे आणि पुढे हाँगकाँगच्या उद्योगसमूहाकडे गेली. अमेरिकेतील मॅक्कलकचे १९९९ मध्ये दिवाळे वाजले, आणि ते नाव नंतर दुसऱ्यांच्या यंत्रांवर झळकू लागले. जुने पेटंट संपले, साचे सर्वत्र पसरले, आणि एकच आराखडा अनेक नावांनी चीनमधील कारखान्यांतून जगभर जाऊ लागला. आपल्या बाजारातील स्वस्त ५८ सीसीची करवत बहुधा याच वाटेने आलेली असते. किंमत कमी होण्यात वाईट काही नाही. मात्र ज्या सुधारणा जखमांतून शिकून झाल्या, त्याच स्वस्त यंत्रात वगळलेल्या किंवा नावापुरत्या बसवलेल्या असण्याचा संभव असतो.

म्हणून घेणाऱ्याने इंजिनाच्या आकड्याला आणि पात्याच्या लांबीला भुलू नये. परसातील कामास १६ इंचांचे पाते पुरते. २२ इंचांचे पाते टोकाचा धोका वाढवते. समोरचा ब्रेक दुकानातच यंत्र चालू करून तपासावा. साखळी तुटल्यास तिला अडवणारी खुंटी बुडाशी आहे की नाही, ते पाहावे. सुटे भाग जवळच्या गावी मिळतील, याची खात्री करावी. पेट्रोलमध्ये तेलाचे प्रमाण उत्पादकाने सांगितले तेवढेच राखावे: एका लिटरास कोठे २० मिलिलिटर लागते, कोठे ४०. साखळीच्या वंगणाचे तेल त्याहून निराळे असते. माडाचे खोड बाहेरून फार कठीण असल्याने दात लवकर बोथटतात, आणि बोथट साखळीवर माणूस जोर देतो तेव्हाच अपघात होतात. डोळ्यांवर जाळी, कानांवर आच्छादन, पायांत भक्कम बूट यांवाचून यंत्राला हात लावू नये, आणि शिडीवर चढून ते कधीही चालवू नये.

आमचा विरोध यंत्राला नाही. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळाने गोव्यात झाडे घरांवर, रस्त्यांवर आणि विजेच्या तारांवर पाडली, तेव्हा अग्निशामक दलाच्या जवानांनी याच करवतींनी वाटा मोकळ्या केल्या. कुऱ्हाडीने ते काम कितीतरी दिवस रेंगाळले असते. परंतु उभे झाड पाडण्याची गोष्ट वेगळी. गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण अधिनियमान्वये स्वतःच्या जागेतील झाड तोडण्यासही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि महाराष्ट्रात १९६४ पासून वृक्षतोडीचे नियमन आहे. २०१६ मध्ये माडाला गोव्याच्या अधिनियमातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आले, तेव्हा केवढा क्षोभ झाला हे वाचकांस स्मरत असेल. २०१७ मध्ये माड पुन्हा वृक्ष ठरला. सत्तरीतील निरंकाराची राय आजवर उभी आहे, ती कायद्याच्या पुष्कळ आधीपासून गावाने मानलेल्या धाकामुळे. वराहमिहिराच्या काळी जी अनुमती वृक्षाकडे मागावयाची होती, ती देवराईत देवाकडे आणि आज अधिकाऱ्याकडे मागावयाची आहे. निश्चय आणि घाव यांच्यातील ती एक रात्र कोणत्याही काळी अनावश्यक झालेली नाही.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. लग्नमुंजीची मोठी भांडी प्रत्येक घरी नसत. ती देवस्थानात असत आणि ज्याला गरज पडे तो ती नेऊन स्वच्छ करून परत आणून देई. वर्षातून दोन दिवस लागणाऱ्या करवतीसाठी घरोघर स्वस्त यंत्र घेण्याऐवजी देवस्थानच्या महाजनांनी किंवा समितीने एक चांगल्या प्रतीची करवत, शिरस्त्राण आणि पायांचे संरक्षक कपडे यांसह ठेवावी, आणि गावातील दोन तरुणांना ती चालवण्याचे रीतसर शिक्षण द्यावे. दोनच असावेत असे नाही, पण एक कधीही नसावा. एकाच्या हाती यंत्र असताना दुसऱ्याने जवळ, परंतु सुरक्षित अंतरावर उभे राहावे. यंत्राच्या इतिहासात १९४९ नंतर जो दुसरा माणूस निघून गेला, तो अशा रीतीने आपल्या परसात पुन्हा उभा राहील, आणि झाडावर हत्यार चालण्यापूर्वी परवानगीचा कागद पाहणारे कोणी तरी तेथे असेल. येत्या पावसाळ्यापूर्वीच्या सभेत महाजनांनी हा विषय चर्चेस घ्यावा, अशी आमची विनंती आहे.