गिटारचा मास्टरक्लास : इतिहास आणि तयारी

आजमितीस पुष्कळ चर्चांच्या गायनमंडळांत ऑर्गनच्या जोडीस गिटार ऐकूं येते. तेथें तिचें काम बहुधा गाणाऱ्यांच्या सुरांस आधार देण्याचें असतें. परंतु याच वाद्याची दुसरीही एक परंपरा आहे. तिच्यांत वादक एकटाच बसतो, डावा पाय लहानशा पाटावर टेकतो, आणि उजव्या हाताच्या बोटांनीं व नखांनीं सहा तारांतून एकाच वेळीं दोन-तीन स्वरमालिका काढतो. ही अभिजात गिटार होय. ती शिकणाऱ्यास केव्हां ना केव्हां ज्या कसोटीस उतरावें लागतें, तिला मास्टरक्लास म्हणतात. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं हें वाद्य शिकणारीं मुलें असतील. त्यांच्या उपयोगीं पडावा म्हणून या प्रथेचा थोडा इतिहास व तिच्यापासून मिळणारा बोध येथें सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मास्टरक्लास म्हणजे आचार्याचा जाहीर पाठ. नेहमींच्या शिकवणींत गुरु व शिष्य असे दोघेच असतात. येथें सभाच भरलेली असते. एक विद्यार्थी तयार केलेली रचना वाजवितो. आचार्य ती ऐकतात, कांहीं जागा पुन्हां वाजवावयास लावतात, दोष दाखवितात, कधीं स्वतः वाजवून दाखवितात. बाकीचे विद्यार्थी व श्रोते हें सारें पाहत असतात. एकाची चूक सर्वांचा धडा होते, हें या पद्धतीचें बळ. आणि ती चूक सर्वांदेखत होते, हें तिचें भय.

ही पद्धति रूढ करण्याचें श्रेय बहुतांशीं हंगेरीचे पियानोवादक फ्रान्झ लिस्ट (१८११–१८८६) यांस दिलें जातें. १८६५ सालीं त्यांनीं ख्रिस्तसभेच्या कनिष्ठ दीक्षा घेतल्या व तेव्हांपासून लोक त्यांस आबे लिस्ट म्हणूं लागले. १८६९ पासून ते दरवर्षीं कांहीं महिने जर्मनींतील वायमार शहरीं राहत आणि दुपारीं तरुण वादकांस एकत्र बोलावून शिकवीत. याबद्दल ते फी म्हणून कांहींच घेत नसत. विद्यार्थी आपापलीं स्वरलिपीचीं पुस्तकें एका ठिकाणीं ठेवीत. लिस्ट त्यांतून एखादें उचलीत, आणि तें ज्याचें असेल त्यानें वाजवावयास बसावें, असा क्रम असे. बोटांच्या कसरतींत मात्र ते वेळ दवडीत नसत. बोटें घरीं तयार करावीं व येथें संगीत शिकावें, असा त्यांचा दंडक होता. पुढें मास्टरक्लास देशोदेशीं पसरला. हा दंडक आजही तसाच लागू आहे.

गिटारच्या प्रांतांत ही प्रथा उशिरां आली. पियानो व व्हायोलिन यांचा मान या वाद्यास फार काळ नव्हता. तो मिळवून देण्यासाठीं स्पेनमधील लिनारेस गांवीं जन्मलेले आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) यांनीं सारें आयुष्य वेंचलें. ते बहुतेक स्वतःच शिकले. आपण आपलेच गुरु व आपलेच शिष्य, असें ते सांगत. बाख यांनीं व्हायोलिनकरितां लिहिलेली 'शाकोन' ही दीर्घ व गंभीर रचना त्यांनीं १९३५ सालीं पॅरिस येथें गिटारवर वाजवून दाखविली. ज्यांस स्वतःस गुरु लाभला नाहीं, तेच पुढें जगभरच्या विद्यार्थ्यांचे आचार्य झाले.

इटलींतील सिएना शहरीं काउंट ग्विदो किजी साराचीनी या संगीतप्रेमी सरदारानें १९३२ सालीं आपल्या वाड्यांत आकादेमिया किजियाना ही संस्था स्थापिली. उन्हाळ्यांत तेथें नामांकित कलावंतांचे वर्ग भरत. १९५० नंतरच्या दशकांत सेगोव्हिया यांनीं तेथें गिटार शिकविली. व्हेनेझुएलाच्या एका खेड्यांतून आलेले आलिरिओ दियास (१९२३–२०१६) येथें त्यांचे शिष्य व पुढें साहाय्यक झाले. ऑस्ट्रेलियांत १९४१ सालीं जन्मलेले जॉन विल्यम्स येथें प्रथम आले, तेव्हां ते अवघे अकरा-बारा वर्षांचे होते. परंतु घरीं वडिलांनीं त्यांचा पाया अगोदरच पक्का करून घेतला होता.

१९५८ सालीं स्पेनमधील सान्तियागो दे कोंपोस्तेला येथें स्पॅनिश संगीताचा उन्हाळी अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच्या संस्थापकांत सेगोव्हिया प्रमुख होते. तेथें शिकविणारे संगीतकार फेदेरिको मोंपू यांनीं १९६२ सालीं 'स्वीट कोंपोस्तेलाना' ही गिटारची रचना लिहून सेगोव्हियांस अर्पण केली. हें शहर आमच्या वाचकांस परकें वाटणार नाहीं. प्रेषित संत याकोब यांच्या कबरीच्या दर्शनास तेथें एक हजार वर्षांहून अधिक काळ यात्रेकरू येत आहेत. तेथील महामंदिराच्या 'वैभवद्वारा'वर शिल्पकार मातेओ यांनीं प्रकटीकरणांतील चोवीस वडील कोरले आहेत. त्या द्वाराच्या शिळेवर ११८८ हें साल आहे. त्या वडिलांच्या हातीं नाना प्रकारचीं वाद्यें आहेत. परंतु नीट पाहिलें असतां त्यांचें वादन अजून सुरू झालेलें दिसत नाहीं. कोणी तार जुळवीत आहे, कोणी शेजाऱ्याशीं बोलत आहे. स्वर्गीय वादनापूर्वींचीही ती तयारीच होय.

आतां विद्यार्थ्याच्या तयारीकडे वळूं. अर्ध्या-पाऊण तासाच्या भेटीसाठीं कित्येक महिने खपावें लागतें. प्रथम प्रश्न निवडीचा. कालपरवां शिकलेली रचना नेल्यास आचार्यांचा वेळ चुकीचे स्वर दुरुस्त करण्यांत जातो. फार दिवसांची, हाडींमासीं खिळलेली नेल्यास बोटें बदल स्वीकारीत नाहींत. कुंभाराची माती चांगली मळलेली, पण ओली असावी लागते, तसेंच हें. रचना मुखोद्गत तर असावीच. शिवाय ती कोणत्याही जागेपासून आरंभितां आली पाहिजे, कारण आचार्य मध्येंच थांबवून 'येथून पुन्हां' म्हणतात, आणि ज्यास केवळ पहिल्या स्वरापासूनच वाजवितां येतें तो तेथें गोंधळतो. स्वरलिपीची एक स्वच्छ प्रत आचार्यांसाठीं निराळी ठेवावी.

गिटारवर एकच स्वर अनेक ठिकाणीं सांपडतो. पहिल्या मोकळ्या तारेचा जो स्वर, तोच दुसऱ्या तारेच्या पांचव्या पडद्यावर व तिसऱ्या तारेच्या नवव्या पडद्यावरही मिळतो. परंतु तिन्हींचा नाद वेगळा. म्हणून कोणता स्वर कोठें व कोणत्या बोटानें घ्यावा, हें ठरविणें म्हणजे अर्थ ठरविणें होय. आपण अमुक जागा कां निवडली, हें विद्यार्थ्यास सांगतां आलें पाहिजे. 'शाकोन' वाजविणार असेल, तर त्यानें गिटारच्या छापील प्रतीबरोबर बाख यांचें १७२० सालचें व्हायोलिनचें हस्तलिखितही पाहिलेलें असावें. त्याच्या मुद्रित प्रतिकृति आज सहज मिळतात.

लहान गोष्टीही विसरूं नयेत. पूर्वीं वरच्या तीन तारा आंतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनच्या आल्या. नव्या नायलॉनच्या तारा कित्येक दिवस ताणत राहून उतरतात, म्हणून त्या आदल्या दिवशीं चढवूं नयेत. उजव्या हाताचीं नखें बारीक पॉलिश कागदानें गुळगुळीत करावीं. खरखरीत नखाचा आवाज दूरवर जातो. आणि मुख्य म्हणजे घरच्या माणसांसमोर, शेजाऱ्यांसमोर ती रचना दोनचार वेळां अथपासून इतिपर्यंत वाजवावी. छातींतील धडधडीची ओळख अगोदर झालेली बरी.

प्रत्यक्ष पाठाच्या वेळीं सबबी सांगूं नयेत. जें सांगितलें जाईल तें तेथेंच करून पाहावें. जे नुसते ऐकावयास बसले असतील, त्यांनींही पेन्सिल व स्वरलिपि जवळ ठेवावी. भीति नसल्यामुळें पुष्कळदां त्यांसच अधिक लाभ होतो.

येथें एक मोठा वाद सांगणें प्राप्त आहे. सेगोव्हिया आपण ठरविलेली बोटांची योजनाच शिष्यांनीं पाळावी, असा आग्रह धरीत. त्यांनीं ज्यांस गिटारचा राजपुत्र म्हटलें, ते जॉन विल्यम्स १९५८ सालीं लंडनच्या विगमोर हॉलमध्यें प्रथम श्रोत्यांपुढें आले आणि जगद्विख्यात झाले. परंतु पुढें त्यांनींच स्पष्टपणें सांगितलें कीं, अशा शिकविण्यानें विद्यार्थी स्वतः विचार करण्याऐवजीं गुरूची नक्कल करूं लागतो. आमच्याकडील घराण्यांतही गुरूची गायकी गळ्यांत उतरविण्याचा काल असतो, आणि तिच्यांतून बाहेर पडून आपला सूर शोधण्याचाही. पहिला काल टाळला तर शिष्य उथळ राहतो. दुसरा आलाच नाहीं तर तो प्रतिध्वनि होऊन राहतो.

आमच्या मतें या वादाचें उत्तर पूर्वतयारींतच आहे. ज्यानें घरीं कांहींच विचार केला नाहीं, त्याच्यापुढें गुरूची नक्कल करण्यावांचून गति नसते. ज्यानें प्रत्येक स्वराचें कारण शोधलें आहे, तो गुरूचें कारण ऐकून दोहोंची तुलना करूं शकतो. त्या दिवशीं त्यानें नम्रतेनें मानावें, घरीं येऊन महिनाभर तें वाजवून पाहावें, आणि मग टिकेल तें ठेवावें. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाहीं, ही म्हण खरी. पण टांकी लावण्यापूर्वीं दगड खाणींतून काढून आणावा लागतो, आणि तें काम ज्याचें त्यानेंच करावयाचें असतें.