कॅमेऱ्यात मीटर असताना हातातला लाइट मीटर कशाला?

पांढऱ्या सदऱ्यातला नवरदेव फोटोत मळकट दिसतो आणि काळ्या कोटातला त्याचा भाऊ धुरकट. महागड्या कॅमेऱ्यातही असं होऊ शकतं. कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून परतणारा प्रकाश मोजतो आणि सगळं सरासरी करड्या छटेकडे ओढतो. आजचे कॅमेरे बरीच हुशारी दाखवतात, पण मूळ अडचण हीच.

हातातला मीटर उलट बाजूने जातो. त्याच्यावरच्या पांढऱ्या घुमटावर पडणारा प्रकाश तो मोजतो. सदऱ्याच्या रंगाशी त्याला देणंघेणं नसतं.

आधी मीटरमध्ये आयएसओ आणि शटर स्पीड भरायचा. मग तो चेहऱ्याजवळ धरून, घुमट कॅमेऱ्याकडे वळवून बटण दाबायचं. आपली सावली घुमटावर पडता कामा नये; नवशिक्यांचं गणित बहुधा इथेच चुकतं. समजा, आयएसओ १०० आणि १/१२५ सेकंदाला एफ/८ असं उत्तर आलं. मागचा भाग धूसर हवा असेल, तर एफ/४ आणि १/५०० घ्या. छिद्र दोन स्टॉप उघडलं, वेळ दोन स्टॉप घटली, प्रकाश तेवढाच.

दूरच्या डोंगरापर्यंत चालत जायची गरज नाही. त्याच्यावर आणि आपल्यावर सारखंच ऊन असेल, तर उभ्या जागी मोजलेलं चालतं. मात्र सूर्यास्त, निऑनची पाटी, पेटता दिवा यांच्यासाठी घुमट कुचकामी. तिथे जेमतेम १ अंशाचा कोन मोजणारा स्पॉट मीटर लागतो.

१९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपताना अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांना त्यांचा वेस्टन मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता २५० कँडल प्रति चौरस फूट, हा आकडा त्यांना पाठ होता. त्यावरून त्यांनी १ सेकंद, एफ/३२ ठरवलं. दुसरी निगेटिव्ह घेण्याआधीच थडग्यांवरच्या क्रॉसवरचं ऊन गेलं. तो फोटो आज त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध फोटोंपैकी एक आहे.

मोबाइलची बरीचशी मीटर अ‍ॅप्स फोनच्या कॅमेऱ्यातूनच मोजतात, म्हणजे पुन्हा परतणारा प्रकाश. जुन्या बाजारातला सेलेनियमचा मीटर बॅटरीशिवाय चालतो, पण सेलेनियम वयानुसार मंदावतं. विकत घेण्याआधी चालू कॅमेऱ्याच्या रीडिंगशी ताडून पाहावं.