माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्या राज्यात : नायजेरियातल्या बायकांची गोष्ट



एसटी स्टँडवर, दवाखान्यात किंवा लग्नघरी अनोळखी बाई भेटली की आपण पहिलं काय विचारतो? "तुम्ही कुठल्या?" आणि समोरून हमखास उलटा प्रश्न येतो, "सासर सांगू की माहेर?" आपण हसतो आणि गप्पा पुढे जातात. आज आम्ही तुम्हाला अशा देशाची गोष्ट सांगणार आहोत, जिथे हाच प्रश्न एका न्यायाधीश बाईंच्या आड आला आणि त्यांची शपथ थांबली.

देश आहे आफ्रिकेतला नायजेरिया, आणि साल २०१२. इफेओमा जोंबो-ओफो या न्यायाधीश बाईंची अपील न्यायालयावर निवड झाली होती. त्यांचं माहेर अनांब्रा राज्यातलं, सासर आबिया राज्यातलं. त्यांची नोकरीही आबियातली आणि निवडही आबियाच्या वाट्यातून झालेली. नोव्हेंबर महिन्यात शपथेचा दिवस आला. बाकीच्यांनी शपथ घेतली, यांना मात्र बाजूला ठेवलं. तक्रार अशी की, या बाई मूळच्या आबियाच्या नाहीत, तिकडे फक्त लग्न करून आल्या आहेत. त्या वेळी देशाच्या सरन्यायाधीशही बाईच होत्या. आलोमा मरियम मुख्तार त्यांचं नाव, त्या पदावर बसलेल्या पहिल्या महिला. तरीही नियमाचं बोट धरून शपथ थांबली. देशभर ओरड झाली, तिथल्या संसदेत विषय निघाला, आणि त्याच महिन्यात जोंबो-ओफो बाईंना शपथ देण्यात आली.

आता यातली खरी गंमत ऐका. अनांब्रा आणि आबिया या दोन्ही राज्यांत राहणारी माणसं मुख्यतः एकाच समाजाची, इग्बो समाजाची. भाषा एक, रीतीभाती बऱ्याचशा सारख्या. १९७६ सालापर्यंत तर हे सगळं एकाच राज्यात होतं. मग बाई परकी कशी झाली? हे समजून घ्यायचं तर शंभर वर्षं मागं जावं लागेल.

नायजेरियात अडीचशेहून जास्त वेगवेगळे समाज आहेत. त्यांच्या बोली वेगवेगळ्या, सगळ्यांचा धर्मही एक नाही. त्यांत तीन मोठे. उत्तरेला हौसा आणि फुलानी, नैर्ऋत्येला योरुबा, आग्नेयेला इग्बो. इंग्रजांनी १ जानेवारी १९१४ रोजी उत्तर आणि दक्षिण जोडून एक देश केला. तिथल्या माणसांना कोणी विचारलं नाही. 'नायजेरिया' हे नावसुद्धा फ्लोरा शॉ नावाच्या इंग्रज पत्रकार बाईंनी लंडनच्या वर्तमानपत्रात सुचवलेलं.

कारभार कसा करायचा? उत्तरेत अमीर होते, म्हणजे मुसलमान राजे. इंग्रजांनी त्यांच्याच हाती कारभार ठेवला. पण इग्बो भागात बऱ्याच ठिकाणी राजाच नव्हता. गावातली वडीलधारी माणसं बसून निर्णय घ्यायची. बायकांच्याही स्वतःच्या बैठका असायच्या. बाजार कधी भरायचा, कोणी बाईला त्रास दिला तर काय करायचं, हे त्या ठरवायच्या. इंग्रजांना हे कळेना. त्यांनी एकेक माणूस निवडला, हातात कागद दिला आणि सांगितलं, आजपासून तू प्रमुख. बायकांच्या बैठकीला या नव्या कारभारात जागाच उरली नाही.

१९२८ साली या भागातल्या पुरुषांवर कर बसला. त्याआधी माणसं मोजली होती. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९२९ मध्ये, ओलोको गावात पुन्हा मोजणी सुरू झाली. न्वान्येरुवा नावाची बाई घरी पाम तेल काढत होती. प्रमुखाचा माणूस आला आणि म्हणाला, तुझ्या शेळ्या, मेंढ्या आणि माणसं मोजून दे. बाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मोजणी म्हणजे कर! तुझ्या मेलेल्या आईची मोजणी झाली होती का, असं म्हणत तिनं त्याला फटकारलं आणि थेट बायकांची बैठक गाठली.

ताडाच्या झावळ्या निरोप म्हणून गावोगाव गेल्या. हजारो बायका निघाल्या. त्यांची जुनी रीत अशी की, ज्या पुरुषाने अन्याय केला त्याच्या दारात बसायचं, त्याची फजिती करणारी गाणी म्हणायची, मुसळांनी भिंती ठोकायच्या, आणि तो वठणीवर येईपर्यंत हलायचं नाही. हेच त्यांनी प्रमुखांच्या दारात केलं. डिसेंबरमध्ये फौजेने गोळ्या चालवल्या. पन्नासहून अधिक बायका मेल्या. पण मैत्रिणींनो, त्या बायकांवर कर बसला नाही, आणि पुढच्या काही वर्षांत कागदी प्रमुखांची ती पद्धतही मोडावी लागली.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या लढ्यात फक्त इग्बो बायका नव्हत्या. शेजारच्या इबिबिओ आणि इतर समाजांतल्याही होत्या. तू कुठली, असं तेव्हा कोणी कोणाला विचारलं नव्हतं. तेल काढणारी बाई, बाजारात बसणारी बाई, एवढी ओळख पुरली होती.

पुढे राजकारण मात्र उलट्या दिशेने गेलं. इंग्रजांनी देशाचे तीन विभाग केले : उत्तर, पश्चिम आणि पूर्व. प्रत्येक विभागात एक मोठा समाज वरचढ आणि बाकीचे लहान समाज त्याच्या आश्रयाला. प्रत्येक विभागाचं एक पीक. उत्तरेचा भुईमूग आणि कापूस, पश्चिमेचा कोको, पूर्वेचं पाम तेल. माल सरकारी खरेदी मंडळाला घालायचा. आपल्याकडे कापसाची एकाधिकार खरेदी होती, तशातला प्रकार. १९५४ पासून ही मंडळं विभागांच्या हातात आली. शेतकऱ्याला भाव कमी, आणि मधला पैसा विभागाच्या तिजोरीत. ज्याच्या हाती विभाग, त्याच्या हाती तिजोरी. म्हणून पक्षही तसेच वाढले. उत्तरेत अहमदू बेलो, पश्चिमेत ओबाफेमी अवोलोवो, पूर्वेत न्नामदी अझिकिवे. मत मागायची सोपी युक्ती एकच होती : आपला माणूस निवडून आणा, नाहीतर ते दुसरे सगळं खातील.

१ ऑक्टोबर १९६० रोजी नायजेरिया स्वतंत्र झाला. त्याच वर्षी १ मे रोजी आपला महाराष्ट्र झाला होता, म्हणजे दोघं एकाच वर्षाचे. उत्तरेची लोकसंख्या निम्म्याहून जास्त मोजली गेली आणि जागाही तेवढ्याच मिळाल्या. मग खानेसुमारी म्हणजे भांडणाचं मूळ झालं. १९६२ ची मोजणी रद्द झाली, १९६३ ची पुन्हा केली, तीही अनेकांना पटली नाही. आणि गंमत बघा, उत्तरेतल्या बायका मोजणीत धरल्या जात होत्या, पण त्यांना मताचा हक्क नव्हता. दक्षिणेत बायका १९५० च्या दशकात मत देऊ लागल्या होत्या. उत्तरेतल्या बायकांनी पहिलं मत दिलं ते १९७९ साली. तिथल्या गाम्बो सावाबा या बाई याच हक्कासाठी बोलत राहिल्या आणि पुन्हा पुन्हा तुरुंगात गेल्या.

जानेवारी १९६६ मध्ये काही लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता उलथवली. पंतप्रधान अबुबकर तफावा बालेवा आणि अहमदू बेलो मारले गेले. उठाव करणारे बहुतेक इग्बो होते, म्हणून उत्तरेत संशय पेटला. जुलैमध्ये दुसरा उठाव झाला. उत्तरेत राहणाऱ्या इग्बो लोकांची कत्तल झाली. हजारो मारले गेले. दहा लाखांच्या वर माणसं सामानसुमान टाकून पूर्वेकडे पळाली. ३० मे १९६७ रोजी पूर्व विभागाने 'बिआफ्रा' नावाचा वेगळा देश जाहीर केला. जुलैपासून युद्ध सुरू झालं, ते जानेवारी १९७० पर्यंत चाललं. सरकारने नाकेबंदी केली. दहा लाखांहून अधिक माणसं गेली असा अंदाज आहे. गोळीपेक्षा उपासमारीने जास्त मेली, आणि त्यांत लेकरं सगळ्यांत जास्त. त्या काळात बायका जिवावर उदार होऊन लढाईची हद्द ओलांडायच्या, पलीकडच्या बाजारातून मीठ आणि खायला आणायच्या. युद्ध संपलं तेव्हा बँकेत कितीही ठेव असली तरी बिआफ्रातल्या खातेदाराच्या हातात वीस पौंड टेकवले गेले.

युद्ध सुरू होण्याआधी काही आठवडे सरकारने एक मोठा निर्णय घेतला होता. तोवर विभाग चार झाले होते, ते मोडून बारा राज्यं केली. विचार असा की, एकाच समाजाच्या हाती एवढा मोठा तुकडा नको, आणि लहान समाजांनाही आपलं घर मिळावं. विचार वाईट नव्हता. पण राज्य म्हणजे निधी, नोकऱ्या, मंत्रिपद. मग प्रत्येकाला आपलं राज्य हवं झालं. १९७६ साली एकोणीस राज्यं झाली, १९९१ साली तीस, १९९६ साली छत्तीस. संविधानात चांगले नियमही आले. राष्ट्राध्यक्ष व्हायचं तर किमान दोन-तृतीयांश राज्यांत चौथा हिस्सा मतं हवीत, म्हणजे एकाच भागाच्या जोरावर कोणी खुर्चीवर बसू नये. प्रत्येक राज्यातून एक तरी मंत्री हवा. नोकऱ्यांत सगळ्या राज्यांना वाटा हवा.

आता या वाटणीतली मेख बघा. वाटा घ्यायचा तर तू त्या राज्याचा मूळचा आहेस असा दाखला लागतो. तो स्थानिक कारभाराचं कार्यालय देतं. तिथे जन्मलात, वाढलात, कर भरलात, हे पुरत नाही. आई-बाप किंवा आजी-आजोबा तिथल्या मूळ समाजाचे हवेत. आपल्याकडे शब्द आहे 'भूमिपुत्र'. शब्दातच पुत्र आहे. कन्येचं काय?

कन्या लग्न करून दुसरीकडे जाते. माहेरचे म्हणतात, ती आता तिकडची. सासरचे म्हणतात, ती मूळची इकडची नाही. नोकरीत हेच, निवडणुकीच्या तिकिटात हेच. जोंबो-ओफो बाई शिकलेल्या, मोठ्या पदावरच्या, म्हणून त्यांच्यासाठी देश बोलला. साध्या शिक्षिकेसाठी, नर्ससाठी कोण बोलणार?

आणि हा दाखला फक्त बायकांनाच अडवत नाही. २००१ साली जोस शहरात गरिबी निर्मूलनाच्या एका पदावर कोणाला नेमायचं, मूळच्याला की बाहेरून येऊन राहिलेल्याला, यावरून दंगल पेटली आणि शेकडो माणसं मेली. गरिबी हटवायच्या पदावरून गरिबांचीच घरं जळाली.

पण दुसरी बाजूही आहे. नायजर नदीच्या मुखाशी तेलाच्या विहिरी आहेत. तेल तिथून निघतं, पैसा दुसरीकडे जातो. त्या भागात इजो आणि इत्सेकिरी हे दोन समाज १९९७ साली एकमेकांवर उठले होते. कारण? आपल्या तालुक्यासारखं कारभाराचं मुख्यालय कोणाच्या गावात असावं! दोन्हीकडचे जीव गेले. पाच वर्षांनी, जुलै २००२ मध्ये, इत्सेकिरी बायका एका परदेशी तेल कंपनीच्या केंद्रात शिरल्या आणि दहा दिवस बसून राहिल्या. मागणी काय? पोरांना काम, गावाला पाणी, वीज, शाळा. हटवायला आलात तर आम्ही वस्त्रं उतरवू, असं त्यांनी बजावलं. आईने असं करणं हा तिथे मोठा शाप मानतात. मग इजो बायकांनीही आपल्या भागातली तेलकेंद्रं अडवली. ऑगस्टमध्ये दोन्ही समाजांच्या बायका वारी शहरात कंपन्यांच्या दारात एकत्र उभ्या राहिल्या. ज्यांचे नवरे-भाऊ एकमेकांशी लढले होते, त्या या बायका.

मार्च २०२२ मध्ये तिथल्या संसदेत एक दुरुस्ती आली होती : लग्नाला पाच वर्षं झाली की बाईला सासरच्या राज्याचा मूळ हक्क मिळावा. खासदारांनी ती फेटाळली. बायका राजधानी अबुजात संसदेच्या दारात जाऊन बसल्या. आठवडाभरात खालच्या सभागृहाने फेरविचार करण्याचं मान्य केलं. जुनी रीतच ती, दारात बसायचं आणि हलायचं नाही.

मैत्रिणींनो, हे लांबचं वाटतं का? २०२४ साली लाडकी बहीण योजना आली, तेव्हा कर्नाटकातून, तेलंगणातून, मध्य प्रदेशातून इथे नांदायला आलेल्या बायका अडल्या होत्या. अधिवासाचा दाखला आणायचा कुठून? मग नियम बदलला आणि नवऱ्याचा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालेल असं ठरलं. सोय झाली, चांगलं झालं. पण बाईचा हक्क नवऱ्याच्या कागदावरूनच आला ना? ज्या बाईला नवऱ्याने टाकलं, तिने तो कागद कोणाकडे मागायचा?

राज्यं असावीत, भाषेचा अभिमान असावा, लहान समाजाला त्याचा वाटा मिळावा. याला आमची ना नाही. आमचं म्हणणं एवढंच की, वाटणी करताना रेघेवर उभी असलेली बाई आधी बघा. पुढच्या बैठकीत बचत गटाच्या हिशोबाची वही मिटल्यावर एक काम करा. गटातल्या प्रत्येकीला विचारा, "तुझे कागद कुठले, माहेरचे की सासरचे? आणि त्यापायी कधी काही अडलं का?" जिचं अडलं असेल तिचं नाव लिहून ठेवा, आणि ग्रामसभेला तिच्याबरोबर सगळ्याजणी जा.

पुन्हा भेटू. नमस्कार.