जुन्या पेठांचा जीर्णोद्धार

शहरालाही वय असतें, आणि त्याच्या वार्धक्याचीं चिन्हें बहुधा त्याच्या मध्यभागींच प्रथम दिसूं लागतात. ज्या पेठेभोंवतीं शहर वाढलें, ज्या चौकांत पहिला बाजार भरला, तीच जागा कालांतरानें अरुंद, अंधारी व रोगट होऊन बसते. सधन लोक मोकळ्या हवेसाठीं बाहेर राहावयास जातात. त्यांच्या मागें राहिलेल्या वाड्यांतून खोलीखोलीला एकेक बिऱ्हाड येऊन वसतें. आणि मग एखादें घर कोसळतें किंवा सांथ येते, तेव्हां नगरपित्यांना जाग येते. अशा वेळीं त्यांच्यापुढें दोन मार्ग असतात. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढावी व रेघेंत येईल तें पाडावें, हा एक. आणि आधीं गल्लीगल्लींतून पायीं हिंडून राखण्याजोगें काय आहे तें पाहावें, हा दुसरा. या दोन मार्गांचा इतिहास एडिंबरो, मुंबई, तंजावर व इंदूर या चार नगरांच्या हकीकतींतून चांगला समजून घेतां येतो.

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो ही एका डोंगराच्या कण्यावर वसलेली नगरी. एका टोंकाला किल्ला, दुसऱ्या टोंकाला राजवाडा, मध्यें एक हमरस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना फुटलेल्या चिंचोळ्या गल्ल्या, अशी तिची जुनी रचना होती. १७६७ सालीं जेम्स क्रेग या तरुण स्थापत्यकाराचा आराखडा मान्य होऊन उत्तरेस नवें शहर बांधण्यास आरंभ झाला. रुंद रस्ते व प्रशस्त चौक यांच्या ओढीनें सरदार, वकील व व्यापारी तिकडे गेले, आणि जुन्या शहरांतील उंच दगडी इमारतींत गरिबांची दाटी झाली. नोव्हेंबर १८६१ मध्यें हमरस्त्यावरची अशीच एक जुनी इमारत रात्रीं कोसळली व ३५ माणसें दगावलीं. शहराचे पहिले आरोग्याधिकारी डॉ. हेन्री लिटलजॉन यांनीं १८६५ सालीं जुन्या वस्तीच्या आरोग्यस्थितीविषयीं सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, आणि १८६७ मध्यें सुधारणेचा कायदा संमत झाला. त्याच्या आधारें जुनीं घरें पाडून नवे रस्ते काढण्यांत आले. रस्ते सुंदर झाले यांत शंका नाहीं. परंतु पाडलेल्या घरांतील गोरगरीब उरलेल्या गल्ल्यांत शिरले व तेथील दाटी वाढली.

याच जुन्या शहरांत पुढें एका वनस्पतिशास्त्रज्ञानें बिऱ्हाड केलें. पॅट्रिक गेडीस हें त्याचें नांव. १८८६ सालीं त्याचा विवाह झाला आणि लवकरच तो व त्याची पत्नी ॲना हीं नव्या शहरांतील सोईचें घर सोडून जेम्स कोर्ट नांवाच्या जुनाट चौकांत राहावयास आलीं. शेजाऱ्यांना उपदेश करण्यापेक्षां त्यांनीं हातीं झाडू व चुन्याची बादली घेतली. भिंती धुतल्या, रंग दिला, खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या ठेवल्या. अगदीं निकामी झालेलें तेवढेंच पाडावें, मोकळ्या झालेल्या जागेवर चौक किंवा बाग करावी आणि बाकीचें दुरुस्त करावें, असा त्यांचा क्रम होता. विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें काढून त्यांनीं सुशिक्षितांचा ओघ पुन्हा जुन्या शहराकडे वळविला. वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या या मनुष्याला शहर ही एक सजीव वस्तु वाटे. आणि सजीवावर शस्त्रक्रिया करावयाची ती जीव राखूनच, हें त्याच्या पद्धतीचें सार होतें.

आतां मुंबईकडे वळूं. सप्टेंबर १८९६ मध्यें गोदीलगतच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनीं ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजेच प्लेगचा, रोगी ओळखला. धान्याचीं कोठारें, उंदीर आणि एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या चाळी यांमुळें रोगानें थैमान घातलें. कांहीं मेले, कित्येक गांवीं पळाले. १८९१ च्या खानेसुमारींत ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ मध्यें ७,७६,००६ भरली. त्या काळच्या वाढत्या नगरीला ही घट केवढी होती हें सांगावयास नको. रोगाचें मूळ दाट वस्तींत आहे असें सरकारनें ठरविलें आणि लॉर्ड सँडहर्स्ट गव्हर्नर असतां १८९८ च्या कायद्यानें मुंबईचा इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सक्तीनें जमीन घेण्याचा अधिकार त्याला मिळाला. नवे रस्ते काढणें, दाट वस्ती मोकळी करणें व गरिबांसाठीं आरोग्यकारक घरें बांधणें हीं त्याचीं मुख्य कामें होतीं.

ट्रस्टची पहिली योजना नागपाड्याची. नंतर प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे पूर्वपश्चिम रस्ते जुन्या वस्तींतून काढण्यांत आले. समुद्रावरचा वारा शहराच्या पोटांत खेळावा हा त्यांत हेतु होता. प्रिन्सेस स्ट्रीटला आज शामळदास गांधी मार्ग म्हणतात, तर सँडहर्स्ट रोडचा पश्चिमेकडील भाग सरदार वल्लभभाई पटेल यांच्या नांवानें ओळखला जातो. ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं तर खोलींत उजेड किती यावा याचें गणितच बसविलें. साडेत्रेसष्ट अंशांचा कोन त्यांनीं प्रमाण मानला. त्याचा सोपा अर्थ असा कीं, समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या सुमारें दुपटीहून अधिक असूं नये. नियम शास्त्रशुद्ध होता व मुंबईला त्याची गरजही होती.

तथापि या व्यवहारांत एक मोठी उणीव राहिली. घर पाडलें म्हणजे घरमालकाला मोबदला मिळे. भाडेकऱ्याच्या हातीं मात्र कांहींच येत नसे. ट्रस्टनें आग्रीपाडा, नागपाडा इत्यादि ठिकाणीं चाळी बांधल्या खऱ्या, परंतु पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगापुढें धांवत होता. हमाल, गिरणीकामगार, फेरीवाला यांना कामाच्या जागेपासून पायीं जाण्याइतक्या अंतरावरच राहणें भाग असे. एके ठिकाणचें छप्पर गेलें कीं तीं कुटुंबें शेजारच्या गल्लींत, आधींच भरलेल्या खोल्यांत शिरत. म्हणजे रोग बरा करावयाचा तो अंगांत दुसरीकडे सरकला, असाच प्रकार झाला. पुढें ट्रस्टनें दादर-माटुंग्याकडील मोकळ्या जमिनीवर लक्ष दिलें. हिंदु कॉलनी, पारशी कॉलनी, पांच बागा हें त्याचें फळ. त्या वसाहती नमुनेदार झाल्या, पण त्यांचा लाभ मुख्यतः मध्यम वर्गाला मिळाला. १९३३ मध्यें ट्रस्ट मुंबई महापालिकेंत विलीन झाला. त्याच्या चाळींचेंही ऋण विसरतां येणार नाहीं. परळच्या अशाच एका चाळींतील लहान खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं अनेक वर्षें संसार व विद्याव्यासंग केला.

मुंबईंत ही पाडापाड चालू असतांनाच, १९१४ च्या अखेरीस, गेडीस हिंदुस्थानांत आला. नगररचनेच्या प्रदर्शनासाठीं त्यानें जमविलेले नकाशे व चित्रें ज्या जहाजांतून येत होतीं, तें जर्मन युद्धनौका एम्डेन हिनें बुडविलें. तरी नवें साहित्य जमवून १९१५ च्या आरंभीं त्यानें मद्रासेस प्रदर्शन भरविलें. नंतर तो गांवोगांव फिरला. तंजावर येथें, जेथें १८५५ पर्यंत भोसल्यांचें राजघराणें नांदलें, त्या किल्ल्याच्या आंतील दाट वस्तीसाठीं नगरपालिकेनें सरळ रस्त्यांची चौकट आंखली होती. गेडीसनें तीच वस्ती पायीं पाहिली. कोणतें घर पडीक आहे, विहीर कोठें आहे, झाडाची सावली कोठें पडते, याची त्यानें नोंद केली. पडक्या जागा जोडून लहान लहान चौक काढले आणि कितीतरी कमी घरें पाडून व कितीतरी कमी खर्चांत तीच मोकळीक कशी मिळते हें दाखवून दिलें.

इंदूरची हकीकत तर अधिकच बोधप्रद आहे. होळकर दरबारासाठीं त्यानें केलेला अहवाल १९१८ सालीं दोन खंडांत निघाला. काम चालू असतांना शहरांत प्लेगचें भय होतें आणि मोजमापें घेत हिंडणाऱ्या या गोऱ्या गृहस्थाकडे लोक संशयानें पाहत. तेव्हां त्यानें दिवाळीच्या मिरवणुकीची कल्पना काढली. मिरवणूक नेहमींच्या मार्गानें न जातां, ज्या गल्ल्यांतील लोक आपलीं घरें व अंगणें सर्वांत स्वच्छ करतील, त्या गल्ल्यांतून जाईल अशी दवंडी फिरली. लोक कामाला लागले. कचऱ्याच्या गाड्या भरभरून गेल्या. मिरवणुकींत प्लेगचें प्रतीक म्हणून उंदराची भव्य प्रतिमा होती आणि लोकांना तुळशीचीं रोपें वांटण्यांत आलीं. हुकुमानें जें साधलें नसतें तें सणाच्या उत्साहानें साधलें, कारण लोकांना आपल्या घराची लाज व अभिमान दोन्ही असतात, हें त्यानें ओळखलें होतें. १९१९ ते १९२४ या काळांत मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा व नागरिकशास्त्राचा प्राध्यापक म्हणून त्यानें हाच विचार शिकविला.

न्यायानें पाहतां गेडीसच्या मार्गालाही मर्यादा आहेत. त्याच्या हिंदी शहरांसाठीं केलेल्या सूचनांपैकीं पुष्कळ कागदावरच राहिल्या. घरोघर हिंडून करावयाचें काम सावकाश होतें. सांथ तेवढी वाट पाहत नाहीं. सांडपाण्याचें गटार व पाण्याचा नळ हीं केवळ चुना लावून होत नाहींत. त्यांना मोठा पैसा व सक्तीचा अधिकार लागतोच. एडिंबरोंत त्यानें उभारलेल्या रॅमसे गार्डनमधील घरें प्राध्यापकांच्या वाट्याला आलीं, जेम्स कोर्टमधील मजुरांच्या नव्हे. तेव्हां रेघ ओढणारे सगळे निर्दय आणि राखणारे सगळे दयाळू, असा सोपा निवाडा येथें देतां येत नाहीं.

मग या इतिहासाचें तात्पर्य कोणतें? योजनेची परीक्षा तिच्या रस्त्याच्या रुंदीनें होत नाहीं, इमारतीच्या उंचीनेंही होत नाहीं. जेथून माणसें हलविलीं तेथें तीं परत आलीं कीं नाहींत, आणि तीं आलीं तेव्हां त्यांचा धंदा, शेजार व शाळा त्यांना पायीं गांठण्याजोगी राहिली कीं नाहीं, यानें ती होते. वरळी, नायगांव व ना. म. जोशी मार्ग येथील बी. डी. डी. चाळी किंवा भेंडीबाजार यांच्या पुनर्विकासाचीं कामें चालू शतकांत हातीं घेतलीं गेलीं, तेव्हां रहिवाशांचा पहिला प्रश्न हाच होता कीं, आम्ही येथेंच राहणार ना? शंभर वर्षांपूर्वीं नागपाड्याच्या भाडेकऱ्याला हें विचारण्याची सोय नव्हती. आज ती आहे, हेंही थोडें नव्हे.

आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार करावयाचा असतां मूर्ति कांहीं काळ दुसरीकडे ठेवतात, पण शिखर पूर्ण झालें कीं तिची स्थापना त्याच गाभाऱ्यांत होते. पेठेच्या जीर्णोद्धारांत हा मान तेथें राहणाऱ्या माणसांचा आहे. त्यांच्या परतण्याची तिथि ठरल्यावांचून पहिली भिंत पाडूं नये, एवढा नियम नगररचनाकारांनीं पाळला तरी पुष्कळ झालें.